निवळीचे बी आणि गांधारीचे पाणी

(नाते, ता. महाड येथे ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



बोलायला प्रारंभ करण्यापूर्वी एक छोटीशी कृती उरकून घेतो. समोरच्या टेबलावर काचेच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या सहा बरण्या आहेत. त्यांत आज दुपारी रस्त्याकडेच्या गटारातून मी स्वतः, हातमोजे घालून, आणलेले पाणी आहे. या सातव्या भांड्यात शेवग्याच्या बियांची पूड पाण्यात कालवून, फडक्याने गाळून घेतली आहे. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम पूड, असे प्रमाण. पहिल्या बरणीत मी काहीच घालत नाही. दुसरीत अर्धा चमचा, तिसरीत एक, चौथीत दोन, पाचवीत चार आणि सहावीत चांगले दहा चमचे. आधी मिनिटभर जोराने ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. हे सावकाश ढवळण्याचे काम शाळेतल्या सहा मुलांनी आनंदाने पत्करले आहे. त्यांचे ढवळून होईल, नंतर पाणी स्थिर राहील, आणि माझे बोलणे संपेल तेव्हा आपण सर्व मिळून बरण्या पाहू. वैज्ञानिक हिला ‘जार टेस्ट’ म्हणतात. मी कला शाखेचा पदवीधर आहे, उभा जन्म वृत्तपत्रात गेला. तेव्हा प्रयोगशाळेतली अचूकता माझ्याकडून अपेक्षू नका. तथापि बरण्या खोटे बोलत नाहीत.

नात्याला बोलायला यायचे आणि चिंतामणराव देशमुखांचे स्मरण करायचे नाही, असे होणार नाही. १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म या गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबई महाराष्ट्राला मिळावी यासाठी १९५६ साली केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस, ही त्यांची ओळख आपल्याला पाठ आहे. मला आज त्यांची दुसरी, काहीशी विस्मृतीत गेलेली ओळख सांगायची आहे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा विद्यार्थी केंब्रिजला गेला तो निसर्गविज्ञाने शिकायला, आणि १९१७ साली तेथे त्याने पारितोषिक मिळविले ते वनस्पतिशास्त्राचे. पुढे याच गृहस्थांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र ही दोन दालने एकाच माणसाच्या घरात एकमेकांना लागून होती. माझ्या आजच्या विषयालाही नेमकी हीच दोन दालने लागतात, म्हणून हा योग मला लाभदायक वाटतो.

विषय आहे गावाचे सांडपाणी, आणि ते वनस्पतींच्या बियांनी निवळविता येते काय, हा.

आधी सांडपाणी किती, ते पाहू. २०१९ साली आरंभलेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे मान धरले. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. दोन हजार वस्तीचे गाव घ्या. दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी घरांत येणार आणि ८८ हजार लिटर बाहेर जाणार. कुठे जाणार, हा प्रश्न नळाची जोडणी घेताना आपण विचारला नाही. नळाचे उद्घाटन होते; गटाराचे होत नाही.

देशाचे चित्र वेगळे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार भारताच्या नागरी भागात दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटरची. आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभर घागरी मैल्या पाण्यापैकी बहात्तर घागरी जशाच्या तशा नदीनाल्यांत. हा हिशेब शहरांचा आहे. खेड्यांचा त्यात धरलेलाच नाही.

आपल्या वाडवडिलांच्या काळी काय होते? कोकणातल्या घराची रचना डोळ्यांसमोर आणा. मागच्या अंगाला न्हाणी, न्हाणीचे पाणी पाटाने परसात, परसात अळू, कर्दळ, केळी, पलीकडे दोन माड. त्या पाण्याला गटार असे नावच नव्हते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर प्रत्येक घराला स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र होते, आणि त्या केंद्रातून अळूची भाजी व केळीची पाने मिळत. यात कोणी फार मोठे शास्त्र जाणून केले होते असा दावा मी करणार नाही. पाणी विहिरीतून रहाटाने ओढावे लागे, म्हणून ते थोडे वापरले जाई; साबण क्वचित; आणि घरागणिक परस होते. आज नळ आला, कपड्यांची पावडर आली, भांड्यांचा साबण आला, परसात स्लॅबची खोली आली. पाणी पाचपट आणि झिरपायला जागा एक पंचमांश. त्यातच रायगडाच्या वाटेवरची उपाहारगृहे, निवासाच्या सोयी आणि सुटीच्या दिवशीची गर्दी. ते पाणी गटाराने व्हाळात, व्हाळाने गांधारीत, आणि गांधारी महाडला सावित्रीला मिळते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सारे पाप धुऊन नेतो. माघ-फाल्गुनापासून मात्र नदीची धार बारीक होते, आणि तेव्हा तिच्या डोहांत उरते ते मुख्यत्वे आपणच सोडलेले पाणी.

कोणी म्हणेल, ‘अहो, सावित्रीला खरा त्रास महाडच्या औद्योगिक वसाहतीचा, आमच्या मोरीच्या पाण्याचे काय घेऊन बसलात?’ कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. त्याला निवळीचे वा शेवग्याचे बी उपयोगी पडत नाही. त्यासाठी कायदा आहे, यंत्रणा आहे, आणि त्यांच्यावर नजर ठेवणे हे आपले काम आहे. परंतु दुसऱ्याच्या नळीकडे बोट दाखविताना आपली नळी झाकून ठेवता येत नाही.

आता बियांकडे वळू. मराठीत ‘निवळणे’ हे क्रियापद आहे. गढूळ पाणी निवळते, आकाश निवळते, प्रकृती निवळते. खाली बसतो तो ‘साका’, वर राहते ती ‘निवळ’. पाणी निवळविणाऱ्या बीला आपण ‘निवळी’ म्हणतो. संस्कृतात त्याच झाडाला ‘कतक’ हे नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत पहिले कतक आहे, कमळाची गाठ आहे, शेवाळाचे मूळ आहे आणि अगदी साधे वस्त्रही आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या ‘दकार्गल’ प्रकरणात विहिरीचे गढूळ, खारट, दुर्गंधी पाणी सुधारण्यासाठी नागरमोथा, वाळा, आवळा इत्यादींबरोबर कतक टाकण्यास सांगितले आहे. मालविकाग्निमित्राच्या दुसऱ्या अंकात कालिदासाने, चिखल कापणारे फळ उगाळल्याने जसे पाणी निवळते तसा मंदबुद्धीही विद्वानाच्या सहवासाने सुधारतो, अशी उपमा योजली आहे. उपमा लोकांना परिचित असलेल्या गोष्टीचीच देतात. तेव्हा त्या काळी हे बी घराघरांत असले पाहिजे.

आणि एक संदर्भ असा की, महाड तालुक्यात तो उच्चारताना क्षणभर थांबावे लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ते दहन का झाले, हे ज्यांना समजून घ्यायचे त्यांनी त्याआधी नऊ महिने चवदार तळ्यावर काय घडले ते वाचावे. पण त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे, आणि तो त्या ग्रंथाच्या अभिमान्यांना अधिक झोंबावा असा आहे. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करणारे खरे. परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय.

मित्रहो, आपल्या मंडळींची एक सवय मी गेली तीस वर्षे सभासंमेलनांतून पाहत आलो आहे, आणि मी स्वतःही तिच्यातून सुटलेलो नाही. पाश्चात्त्यांनी काही शोधले की, ‘हे आमच्याकडे होतेच’ म्हणून आपण श्लोक काढतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. सुश्रुतात सात साधने आहेत याचा मला रास्त अभिमान वाटतो. पण त्या अभिमानाने गांधारीचे एक भांडेही निवळलेले नाही. बी उगाळावे लागते.

ते उगाळल्यावर होते काय? गढूळ पाण्यातले मोठे कण आपोआप तळाशी बसतात. अडचण असते ती अतिसूक्ष्म कणांची. त्यांतल्या बहुतेकांवर ऋण विद्युत्भार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, जवळ येत नाहीत, जड होत नाहीत, म्हणून दिवसचे दिवस पाण्यात तरंगत राहतात. तुरटी टाकली की तिच्यातले ॲल्युमिनियम धन भार घेऊन येते, कणांचे भांडण मिटते, ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. शेवग्याच्या बीमध्ये हेच काम करणारी प्रथिने असतात. पाण्यात विरघळणारी, आकाराने लहान, आणि धन भाराची. निवळीचा मार्ग थोडा निराळा. तिच्यात शर्करा-द्रव्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि त्या साखळ्या कणाकणाला गुंफून घेतात. घाटावर कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळ पाहिले असेल, तर उसाच्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, हे आपण पाहिलेच असेल. तत्त्व तेच. शेतकरी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला; त्याला कोणी तंत्रज्ञान म्हटले नाही इतकेच.

येथे एक सावधगिरीची सूचना. निवळी ज्या कुळातली, त्याच कुळातला आपल्या कोकणातला काजरा, म्हणजे कुचला. त्याच्या बिया जहरी असतात. काजऱ्याची बी चपटी, गुंडीसारखी; निवळीची लहान आणि गोलसर. तरीही ओळख पक्की नसेल तर रानातून वेचून आणलेले बी पाण्याला लावू नका. म्हणूनच मी आज शेवगा आणला. त्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो, पाल्याची भाजी खातो. ओळखण्यात चूक व्हायची नाही.

शेवग्याच्या या गुणाकडे आधुनिक शास्त्राचे लक्ष गेले ते सुदानमधल्या बायकांमुळे. पुराच्या दिवसांत नाईलचे पाणी चिखलासारखे होते. तेव्हा तिथल्या स्त्रिया माठात या बियांची पूड घालीत. सामिया अल् अझारिया यान या विदुषींनी १९७०च्या दशकात हे पाहिले, तपासले, आणि जगापुढे मांडले. नंतर ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी आफ्रिकेतील मलावी देशात थ्योलो येथील जलशुद्धीकरण केंद्रावर नदीच्या पाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, आपल्या देशातला. तो आफ्रिकेत गेला, तिथल्या बायकांनी त्याचा गुण जपला, आणि आपण शेंगा चोखत बसलो!

हे सारे झाले नदीच्या गढूळ पाण्याविषयी. सांडपाण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला स्वतःच्या स्वयंपाकघरात कळली. पुस्तके वाचून मी घरी प्रयोग केला. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या खड्ड्यातले लाल पाणी एका पातेल्यात, आणि आमच्या मोरीचे पाणी दुसऱ्यात. लाल पाणी तासाभरात निवळशंख झाले. मी सौभाग्यवतींना हाक मारून ते कौतुकाने दाखविले. मोरीचे पाणी मात्र हट्टी निघाले. पूड तिप्पट घातली तेव्हा कुठे साका बसला. कारण नंतर समजले. कपड्यांच्या साबणाची द्रव्ये ऋण भाराची असतात, आणि ती बियांच्या प्रथिनाला आपणच अडकवून ठेवतात. असो, तेही पाणी अखेर बऱ्यापैकी स्वच्छ दिसू लागले. मी ते एका बाटलीत भरून खिडकीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडले. त्या दुर्गंधीचे वर्णन या व्यासपीठावरून करणे प्रशस्त नाही. पातेले फेकून द्यावे लागले आणि पुढचे चार दिवस माझ्या विज्ञानावर घरात चर्चा झाली.

पण त्या बाटलीने मला जे शिकविले, ते शंभर श्लोकांनी शिकविले नव्हते. निवळ म्हणजे शुद्ध नव्हे. सांडपाण्यात डोळ्यांना दिसणारा गढूळपणा असतो, तसा न दिसणारा विरघळलेला मळही असतो. हा मळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, आणि नदीतले मासे मरतात ते त्यामुळे. तो मोजण्याचे एक माप आहे, त्याला ‘बीओडी’ म्हणतात. पाण्याचा नमुना आपल्याकडे २७ अंश तपमानात तीन दिवस ठेवून ते काढतात. घरगुती मैल्या पाण्याचा बीओडी सर्वसाधारणपणे लिटरला दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असतो. नदीत सोडायच्या पाण्याचा तो ३०च्या आत असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. साका बसवून तरंगता मळ जातो, विरघळलेला जात नाही. उलट बियांतली जी प्रथिने-तेले कामी येत नाहीत, ती पाण्यात उरून मळात भरच घालतात. माझ्या बाटलीत तेच झाले. रोगजंतूंचेही तसेच. बरेचसे साक्याबरोबर खाली जातात, सगळे जात नाहीत. म्हणून शेवग्याने निवळविलेले सांडपाणी प्यायला तर सोडाच, भांडी धुवायलाही चालायचे नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून कोणी ते खपवू लागला, तर त्याला माझी बाटली हुंगायला द्या.

मग या बियांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो पहिल्या पायरीचा आहे.

दुसरी पायरी आपल्या परसातच होती. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे. खडीने भरलेले हौद, त्यांत कर्दळ, पाणकणीस, देवनळ अशी पाणवनस्पतींची लागवड, आणि खडीतून सावकाश वाहणारे सांडपाणी. मुळांभोवतीचे जीवाणू विरघळलेला मळ खातात. वीज जवळजवळ लागत नाही. मला ती पाहताना आपल्या आजीचे अळूचे वाफेच आठवले. फरक इतकाच की, येथे मोजमाप आहे. अशा वाफ्याला माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा, असा ढोबळ अंदाज धरतात. दोन हजार वस्तीला वीस ते चाळीस गुंठे. या वाफ्यांचा शत्रू एकच, गाळ. तरंगता मळ खडीत अडकतो, खडी चोंदते, पाणी वर येते, डास होतात, आणि दोन-चार वर्षांत गावकरी म्हणतात, योजना फसली. तो मळ वाफ्यात शिरण्यापूर्वीच साक्याच्या टाकीत बसविला, तर खडीचे आयुष्य वाढते. बियांचे काम येथे आहे.

हे काम तुरटी करीत नाही काय? अवश्य करते, आणि स्वस्तात करते. मात्र तुरटीने पाण्याचा आम्लपणा वाढतो, तो सावरायला चुना लागतो, आणि खाली बसलेल्या साक्यात ॲल्युमिनियम असते; तो शेतात घालताना विचार करावा लागतो. बियांचा साका थोडा असतो आणि पूर्ण सेंद्रिय असतो. नीट कुजविला तर त्याचे खत होते.

आता हिशेब. सांडपाण्याला लिटरमागे २०० मिलिग्रॅम पूड धरू. बरण्या काय सांगतील ते खरे. ८८ हजार लिटरला दररोज साडेसतरा किलो. वर्षाचे झाले जवळजवळ साडेसहा टन. एका झाडाचे वर्षाला तीन-चार किलो सुके बी धरले, तर दोन हजारांच्या आसपास झाडे हवीत. आकडा ऐकून आपण निराश व्हाल; मीही झालो होतो. पण वर सांगितले तसे, खरा प्रश्न नदी आटते त्या चार महिन्यांचा आहे. तेवढ्यापुरते दोन टनांहून थोडे अधिक बी लागते, म्हणजे सहाशे-सातशे झाडे. आणि शेवग्याच्या शेंगा झाडावर वाळतात त्या नेमक्या उन्हाळ्यात. आणखी एक सोय अशी की, बियांतून पस्तीस-चाळीस टक्के तेल निघते. तेल काढून उरलेल्या पेंडीत निवळविण्याचा गुण शाबूत राहतो. उलट तेल गेल्याने पाण्यात पडणारा मळही घटतो. तेल विकावे आणि पेंड टाकीला वापरावी. अडचण आहे ती आपल्या पावसाची. शेवग्याला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. बांधावर, उताराच्या जागी लावावा लागेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण रुचिरा’ हे शेवग्याचे वाण काढले आहे. तेथील तज्ज्ञांना विचारूनच लागवड करावी.

ज्यांना इतका व्याप नको, त्यांनी उपाहारगृहापुरता, वसतिगृहापुरता, चार घरांच्या आळीपुरता प्रयोग करावा. लहान टाकी, मग कर्दळीचा वाफा. आणि ज्यांच्या घरी अजून परस आहे, त्यांनी एवढेच करावे की, न्हाणीचे पाणी गटाराला जोडू नये.

राहिला प्रश्न साक्याचा. टाकीच्या तळाशी बसलेला तो काळा गाळ उपसणार कोण? आजवर या देशात या प्रश्नाचे उत्तर न विचारताच ठरलेले असे. कोणती माणसे उपसणार, हे त्यांच्या जन्मावरून ठरे. माणसाने हाताने मैला उपसणे २०१३च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही सेप्टिक टाकीत गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या मी माझ्या हातांनी छापल्या आहेत, आणि त्यांची आडनावे वाचताना मान खाली गेली आहे. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच बांधवांनी चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्याला स्पर्श केला, तर तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्या तळ्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. माणसाच्या हाताने पाणी बाटत नाही, मैल्याने बाटते, हे जर आपल्याला तेव्हा कळले असते, तर त्या घागरी ओतण्याचे श्रम गटारे बांधण्यात गेले असते. कोकणातच अप्पासाहेब पटवर्धनांसारखा माणूस होऊन गेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी उपवास मांडला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास सिद्ध केले. महाराष्ट्र त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणतो. त्यांच्या फावड्याचा वारसा सांगायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही.

तेव्हा गावाने टाकी बांधायची ठरविली, तर ती माणसाला आत उतरावे लागणार नाही अशीच बांधावी. तळाला उतार आणि झडप हवी. गाळ आपोआप शेजारच्या वाळवणीच्या वाफ्यात यावा. आणि वाळलेला गाळ खताच्या खड्ड्यात नेण्याच्या पाळ्या लावायच्या, तर त्या आळीवार लावाव्यात, सर्व आळ्यांच्या. पहिली पाळी सरपंचांच्या आळीची असावी. (सरपंच मान डोलावीत आहेत, हे वृत्तान्तात घ्यावे.)

बरे, आता बरण्या पाहू. मुलांनो, हलवू नका, नुसते बाजूला व्हा. दिव्याच्या बाजूने पाहा म्हणजे दिसेल. पहिली आहे तशीच आहे. दुसरीत थोडा साका दिसतो, पाणी धूसर आहे. तिसरी आणि चौथी, या दोन्हींच्या मागे धरलेले वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता येत आहेत. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला या दोघींत फरक दिसत नाही. तसे असेल, तर लिटरला शंभर मिलिग्रॅमनेच भागेल आणि मघाचा झाडांचा हिशेब निम्म्यावर येईल. पण एका बादलीवरून तो निम्मा करू नका. दुपारचे पाणी वेगळे, सकाळचे कपडे धुण्याच्या वेळचे वेगळे. पाचवी पुन्हा थोडी गढूळ. आणि सहावी, जिच्यात सर्वांत जास्त औषध पडले, ती दुधासारखी पांढुरकी. धन भार गरजेपेक्षा जास्त झाला की कण पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात, आणि न वापरलेली पूडही पाण्यात तशीच राहते.

या बरण्या झाकणे लावून शाळेच्या व्हरांड्यात ठेवाव्यात, हात लावू नये, अशी गुरुजींना विनंती आहे. परवा सकाळी गुरुजींनीच, मोकळ्या हवेत, तिसरीचे आणि पहिलीचे झाकण उघडावे आणि कोणती अधिक दुर्गंधीची ते फळ्यावर लिहून ठेवावे. उरलेले शेवग्याचे बी, किलोभर असेल, मी येथेच ठेवून जात आहे. पुढच्या खेपेला सकाळच्या पाण्यावर हाच प्रयोग करू. बादली तेवढी कोणीतरी दुसऱ्याने आणावी.